काहिलीतला चुना

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात घाण्यातून काहिलीत पडणारा ताजा रस राखाडी-हिरवा दिसतो, चवीला निव्वळ गोड लागतो. पीएचची पट्टी बुडवली तर आकडा मात्र येतो 5.3च्या आसपास. रस आंबट आहे. साखरेपुढे जिभेला ते कळत नाही, एवढंच.

चुलवाणात चिपाड पडत असतं. रस तापू लागला की गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, चुन्याचं पाणी सोडतो, ढवळायला लावतो आणि वाकून बघत राहतो. गढूळ रसात बारीक कण फुटतात, एकमेकांना चिकटतात, मधला रस पिवळसर दिसू लागतो. ‘वाईच आणि सोड,’ म्हणतो. मग हात आडवा करून थांबवतो. पुढे हीच घाण मळी होऊन वर येते.

आता हिशेब बघा. काहिलीत 1000 लिटर रस धरला, तर पीएच 5.3ला त्यात मोकळे असलेले हायड्रोजन आयन मारायला पाव ग्रॅमसुद्धा चुना लागू नये. प्रत्यक्षात त्याच्या शेकडो पटींनी लागतो. मला या कामातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात पडलं की जवळपास सगळा हायड्रोजन सोडून देतं. उसातलं अकोनिटिक आम्ल तसं नाही. ते काही सोडतं, काही धरून ठेवतं. चुन्याने मोकळे आयन संपवले की ते नवे सोडतं. पट्टी फक्त मोकळे मोजते. सोरेनसेनने 1909मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत पीएचची मोजपट्टी मांडली, तीही मोकळ्या आयनांपुरतीच. दडलेल्यांचा अंदाज गुळव्याच्या नजरेत असतो.

हा दडलेला साठा संपत आला की मात्र थोडक्या चुन्यानेही पीएच झपकन वर जातो. रस अल्कधर्मी झाला, की तापलेल्या काहिलीत ग्लुकोज-फ्रुक्टोज मोडतात आणि गूळ काळा पडतो. साखर कारखान्यात गंधकाचा धूर सोडून रसाचा पीएच परत सातवर आणता येतो. गुऱ्हाळात ती सोय नाही, म्हणून गुळव्या अलीकडेच थांबतो.

शिळ्या उसाने सगळंच बिघडतं. आंबटपणा वाढलेला, म्हणून चुना जास्त हवा; पण साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोजही वाढलेले, म्हणजे चुन्याने काळं पडणारं तेच जास्त. शिवाय असा गूळ नीट बसत नाही, ढेप मऊ राहते. त्यामुळे तोडलेला ऊस लगेच घाण्याला लागावा म्हणून गुळव्या मालकाच्या मागे लागलेला असतो.