पार्टिशन गेलं, माहिती जागेवरच आहे

लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला कधीतरी उबुंटू टाकलेलं असतं. प्रोजेक्ट संपतो, लिनक्स उघडलं जात नाही आणि डिस्क भरत येते. मग विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ते ड्राइव्हचं अक्षर नसलेलं पार्टिशन डिलीट केलं जातं. त्या क्षणी काही बिघडत नाही, विंडोज नेहमीसारखं चालू असतं. मशीन रीस्टार्ट केलं की मात्र काळ्या पडद्यावर पार्टिशन सापडत नसल्याची इंग्रजी सूचना येते आणि तिच्याखाली ‘ग्रब रेस्क्यू’ एवढे शब्द लुकलुकत राहतात.

अशा वेळी ‘फॉरमॅट मारावं लागेल’ असा सल्ला चटकन मिळतो. तो ऐकू नका. विंडोज, फोटो, हिशेबाच्या फायली, सगळं डिस्कवर जसंच्या तसं आहे. खरं नुकसान होतं ते घाईने केलेल्या फॉरमॅटमुळे.

जुन्या पद्धतीच्या मशीनमध्ये बायोस जागा झाला की डिस्कचा पहिला सेक्टर वाचतो. ही मांडणी १९८३ साली आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर आली. त्याची हार्ड डिस्क होती १० एमबीची. सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातले पहिले ४४६ बाइट मशीन सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी, पुढचे ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे दोन खुणेसाठी. तक्त्यात चारच नोंदी मावतात, प्रत्येकी १६ बाइटच्या: पार्टिशन कुठून सुरू होतं, किती सेक्टरचं आहे, कोणत्या प्रकारचं आहे. डिलीट केल्यावर पुसली जाते ती एवढीशी नोंद. सातबाऱ्यावरची नोंद खोडली म्हणून शेत जागचं हलत नाही, तसंच हे.

मग विंडोजला हातही लावलेला नसताना ते सुरू का होत नाही? कारण उबुंटू टाकताना मशीन सुरू करण्याचं काम ग्रब या प्रोग्रॅमने आपल्याकडे घेतलेलं असतं. ४४६ बाइटमध्ये ग्रब मावत नाही, म्हणून तो तीन ठिकाणी राहतो. पहिला तुकडा पहिल्या सेक्टरमध्ये. दुसरा त्याच्या मागच्या, पहिलं पार्टिशन सुरू होण्याआधीच्या मोकळ्या जागेत. आणि मेन्यू, सेटिंग, बाकीचे भाग थेट लिनक्सच्या पार्टिशनमध्ये. पार्टिशन उडालं की तिसरा भाग दिसेनासा होतो. पहिले दोन इमानाने जागे होतात, तिसऱ्याला शोधतात आणि तो नाही म्हणून तिथेच थांबतात. विंडोजचा रस्ता त्या मेन्यूतून जात होता.

म्हणून दुरुस्तीही तेवढ्याच जागेची करायची. दुसऱ्या कॉम्प्युटरवर विंडोजची इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्ह बनवा, तिच्यावरून मशीन सुरू करा, ‘इन्स्टॉल’ न दाबता ‘रिपेअर’ निवडा आणि कमांड प्रॉम्प्टवर बूटरेकची फिक्सएमबीआर ही आज्ञा चालवा. ती पहिल्या सेक्टरमधला प्रोग्रॅम तेवढा बदलते, पार्टिशनच्या तक्त्याला धक्का लावत नाही. यानंतरही ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नसेल, तर पार्टिशनच्या तक्त्यातली ‘अॅक्टिव्ह’ची खूण तपासा. ग्रबला ती लागत नाही, पण विंडोजचा प्रोग्रॅम त्या खुणेवरूनच पुढचं पार्टिशन ओळखतो.

अलीकडच्या लॅपटॉपमध्ये काम याहून सोपं आहे. तिथे बायोसच्या जागी यूईएफआय असतं आणि मशीन सुरू करणारे प्रोग्रॅम ईएफआय नावाच्या वेगळ्या छोट्या पार्टिशनमध्ये, आपापल्या फोल्डरमध्ये राहतात. उबुंटूचं पार्टिशन गेलं तरी विंडोज बूट मॅनेजर शेजारच्या फोल्डरमध्ये शाबूत असतो. पहिला मान ग्रबला दिलेला असतो, एवढंच. मशीन सुरू होताना बूट मेन्यूची की दाबा (कंपनीनुसार एफ१२, एफ९ किंवा एस्केप), विंडोज बूट मॅनेजर निवडा आणि मग सेटिंगमध्ये त्यालाच पहिल्या क्रमांकावर ठेवा. मात्र डिस्कवर बिटलॉकरचं एन्क्रिप्शन असेल तर असा बदल झाल्यावर मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती आधी हाताशी ठेवा.

हे ईएफआय पार्टिशनच कोणी उडवलं असेल तर? डिस्क मॅनेजमेंट ते सहजासहजी पुसू देत नाही, पण विंडोजच्याच डिस्कपार्ट या टूलमध्ये जबरदस्तीने पुसता येतं आणि ‘१०० एमबीचं हे काय फुकट जागा अडवतंय’ म्हणून लोक तसं करतात. अशा वेळी त्याच इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हच्या कमांड प्रॉम्प्टवरून, मोकळ्या झालेल्या जागेत फॅट३२चं नवं ईएफआय पार्टिशन बनवून, बीसीडीबूट ही आज्ञा चालवून विंडोजच्याच फोल्डरमधून हे प्रोग्रॅम पुन्हा तिथे उतरवता येतात.

सगळ्यात जिवाला लागणारा प्रकार म्हणजे लिनक्सऐवजी भलतंच, कामाच्या फायलींचं पार्टिशन उडणं. नव्या जीपीटी पद्धतीत तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, पण ती इथे उपयोगी पडत नाही, कारण डिलीट करताना दोन्ही प्रती एकदमच बदलतात. आधार वेगळ्याच गोष्टीचा आहे. विंडोजचं एनटीएफएस आपल्या पहिल्या सेक्टरची नक्कल पार्टिशनच्या अगदी शेवटी ठेवतं, लिनक्सचं ईएक्सटी४ आपल्या मुख्य माहितीच्या प्रती पार्टिशनभर पेरून ठेवतं आणि या सेक्टरांमध्ये पार्टिशनचा आकार लिहिलेला असतो. टेस्टडिस्क हे मोफत सॉफ्टवेअर डिस्क चाळून याच खुणा शोधतं आणि हरवलेल्या सीमा पुन्हा आखतं. मला हे सॉफ्टवेअर फार मोलाचं वाटतं.

अट एकच: पार्टिशन गेल्यापासून त्या डिस्कवर काहीही लिहिलं गेलेलं नसावं. नवं पार्टिशन पाडायचं नाही, विंडोज नव्याने टाकायचं नाही, विंडोजने ‘फॉरमॅट करू का’ विचारलं तर नकार द्यायचा. एसएसडीवर तर फॉरमॅट म्हणजे जवळजवळ शेवटच. त्या वेळी ट्रिमची सूचना गेली की ड्राइव्ह आतले कप्पे खरोखरच रिकामे करू लागतो. शक्य असेल तर आधी अख्ख्या डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि टेस्टडिस्क त्या प्रतीवर चालवा. जुनं पार्टिशन यादीत दिसलं की ‘पी’ दाबा, आतली फोल्डरं आणि फायलींची नावं नीट दिसतात का पाहा, आणि ती ओळखीची वाटली तरच ‘राइट’ निवडा.