ओहोटीच्या वेळी
समुद्राला दिवसातून साधारणपणे दोनदा ओहोटी येते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास पाणी अधिक मागे हटते आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. मुंबईत २०१७ साली सुरू झालेल्या ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमात अशा वेळी विद्यार्थी व नागरिक किनाऱ्यावर जाऊन खेकडे, शंखशिंपले, समुद्रफुले यांचे निरीक्षण करतात. जीव, जागा व वेळ यांची नोंद करून, भरतीचे पाणी चढण्यापूर्वी परतावे लागते. पाहण्यासाठी उलटलेला दगड हलकेच पूर्ववत ठेवावा. नाही तर त्याच्या आश्रयाचे जीव उन्हात सुकून मरतात. हिंगोली जिल्ह्यातील वारंगा फाटा समुद्रापासून फार दूर आहे. तेथील मुलांनी ओढ्याकाठी दगडाखालचे जीव पाहतानाही हाच नियम पाळावा.