कॅन्सरवर मात केली, आता आनंद कधी साजरा करायचा?

शेवटची केमो झाली, रिपोर्ट चांगला आला, पेढे वाटून झाले. पण दुसऱ्याच दिवशी जिना चढताना पाय गळून जातात आणि मनात येतं, आजार परत तर आला नाही ना?

अनेकदा हा उपचारांचा थकवा असतो. तो काही महिने टिकू शकतो. तो आळस नव्हे. डॉक्टरांच्या कानावर घाला आणि झेपेल तेवढं रोज चाला. केमोनंतरच्या काही आठवड्यांत ताप १००.४ अंश फॅरनहाइटला पोहोचला, तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा.

हे सगळं कोण सांभाळतं? गोळ्यांच्या वेळा, फॉलो-अपच्या तारखा, रात्रीची जागरणं... बहुतेक घरांत एकच व्यक्ती. ती 'मी ठीक आहे' म्हणते आणि स्वतःचं बीपी तपासायचं विसरते. आठवड्यातून एक दिवस तिची जबाबदारी दुसऱ्या कुणीतरी घ्यावी.

जूनचा पहिला रविवार हा 'कॅन्सर सर्व्हायव्हर्स डे'. १९८८पासून अमेरिकेत सुरू झालेला हा दिवस आज अनेक देशांत साजरा होतो. त्यांच्या व्याख्येत निदान झाल्या दिवसापासून माणूस सर्व्हायव्हर असतो. म्हणजे आनंदासाठी पाच वर्षं थांबायची गरज नाही.

केक कापाल तेव्हा पहिला घास मात्र उशाशी जागलेल्या माणसाला भरवा.