अनियमित मिळकतीचा संसार

नांदेडला काय किंवा लातूरला काय, सोयरीक जुळवण्याच्या बैठकीत “मुलगा काय करतो?” ह्या प्रश्नाला “स्वतःचे काम करतो” असे उत्तर आले, की क्षणभर कोणी बोलत नाही. मुलगा घरी बसून पुण्याच्या कंपनीसाठी संगणकाचे काम करीत असेल, लग्नाची छायाचित्रे काढीत असेल, घरांचे नकाशे करीत असेल. त्याची वर्षाची मिळकत एखाद्या कारकुनापेक्षा जास्तही असेल. परंतु एक तारखेला किती हाती येतात, हे त्याला सांगता येत नाही. मुलीच्या वडिलांची शंका अगदीच अनाठायी असते असे मला वाटत नाही. भाषांतराच्या कामावर मी वीस वर्षे संसार केला, आणि त्यातली पहिली सहा वर्षे हालात गेली. मिळकत फार कमी नव्हती. ती वर्षभर पुरवावी कशी, हे कळत नव्हते.

वास्तविक ही विद्या आपल्या भागाला नवी नाही. शेतकऱ्याच्या घरी पैसा महिन्याला येत नाही, सुगीला येतो. त्र्यंबक नारायण आत्रे ह्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला, त्यातल्या बलुतेदारांनाही वर्षाच्या कामाचा मोबदला खळ्यावर धान्यरूपाने मिळे. (त्या व्यवस्थेतला अन्याय मी विसरलेलो नाही, येथे फक्त तिचा हिशेब पाहावयाचा आहे.) रास झाली, की आधी बियाणे बाजूला निघे, वाटेकऱ्यांचे वाटे जात, ज्वारी पेवात पडे, आणि मग घरातले रोजचे माप ठरे. रास मोठी झाली म्हणून शहाण्या घरात रोजचे माप वाढत नसे.

आम्ही नेमके उलट करतो. दोन मोठी बिले एकदम आली, की नवी मोटारसायकल हप्त्यावर येते; पुढचे तीन महिने काम नसते आणि हप्ता मात्र असतो. ह्यावर उपाय साधा आहे. आलेली प्रत्येक रक्कम एका खात्यात जमा करावी आणि घरखर्चासाठी दर एक तारखेला ठरीव रक्कमच दुसऱ्या खात्यात न्यावी. ती किती असावी? गेल्या तीन वर्षांतले सर्वांत वाईट वर्ष धरावे व त्यातून कर आणि धंद्याचा खर्च वजा करून उरेल, त्याचा बारावा हिस्सा घ्यावा. चांगल्या वर्षी वर राहील ते पेवातले धान्य समजावे. पेवात किमान सहा महिन्यांचे असावे. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली, ती ऐन लग्नसराईत. छायाचित्रकार, आचारी, बँडवाले, मंडपवाले ह्यांची वर्षाची सुगीच बुडाली. माझ्या ओळखीच्या एका छायाचित्रकाराने तेव्हा कॅमेरा विकला. म्हणजे बियाणेच दळून खाल्ले.

आता दराकडे वळू. नवा माणूस म्हणतो, मला महिना तीस हजार लागतात, तेव्हा दिवसाचे हजार घेईन. हा हिशेब घातक आहे. वर्षाचे दिवस ३६५. त्यांतून रविवार ५२, सणवार २५ आणि आजारपण व घरची कार्ये ह्यांचे १८ वजा केले, तर २७० उरतात. त्यांतला एक तृतीयांश वेळ काम शोधण्यात, अंदाजपत्रके देण्यात आणि वसुलीच्या हेलपाट्यांत जातो. राहिले १८० दिवस. आता खर्च पाहा. घरखर्च ३,६०,००० रुपये. संगणक, वीज, प्रवास मिळून ७२,०००. आणि नोकरदाराला भविष्यनिर्वाह निधी, रजा ह्या रूपाने जे मिळते, ते आपले आपणच करावयाचे म्हणून १,०८,०००. बेरीज ५,४०,०००. भागिले १८०, म्हणजे दिवसाचे ३,००० रुपये, आणि त्यात कर अजून धरलेला नाही. हजार रुपयांत काम करणारा स्वतःचे म्हातारपण स्वस्तात विकत असतो. घरी शिवणकाम करणाऱ्या आमच्या भगिनी दोरा, बटणे आणि हुकांसकट भाव सांगतात. शिकलेल्या पोरांनाच ते बोलायची लाज वाटते.

काम घेताना इसार जरूर घ्यावा. परंतु इसार आणि उचल ह्यांत फरक आहे. मराठवाड्यातला ऊसतोड कामगार हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतो आणि सारा हंगाम ती फेडण्यात घालवतो. काम होण्यापूर्वी खर्चून टाकलेला इसार ही उचलच होय. तो बाजूला असला, तर काम सोडण्याचे स्वातंत्र्य आपल्यापाशी राहते.

वसुली हे सर्वांत कडू प्रकरण. एका संस्थेने माझे बिल सात महिने अडवले. मी तीन वेळा गेलो, चहा घेऊन परत आलो. त्या वेळी मला हे ठाऊक नव्हते, की सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी २००६ सालचा कायदा आहे, आणि ‘उद्यम’ नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु व्यावसायिकाला त्याचे संरक्षण मिळते. लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. दावा करून गिऱ्हाईक गमवावे असे कोणाला वाटत नाही, हे मी जाणतो. पण नोंदणी क्रमांक आणि ही मुदत बिलाच्या तळाशी छापल्यापासून माझे हेलपाटे कमी झाले. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांचे दुःख वेगळे आहे. त्यांचे मानधन थकते, आणि त्यांना धड नोकरदारही म्हणता येत नाही, धड स्वतंत्रही नाही.

कराविषयी थोडे. व्यावसायिक शुल्कातून गिऱ्हाईक बहुधा दहा टक्के कापून सरकारजमा करते. ती रक्कम बुडाली असे समजून पुष्कळजण गप्प बसतात. विवरणपत्र भरल्यास जास्तीचा कर परत मिळतो. शिवाय गृहकर्ज मागायला गेल्यावर बँक पगारपत्रकाऐवजी मागच्या दोन-तीन वर्षांची विवरणपत्रेच मागते. कर लागत नसला तरी ती भरावी, ती ह्यासाठी.

राहता राहिला वेळ. घरी काम करणारा माणूस शेजाऱ्यांच्या लेखी रिकामाच. कोणाला दवाखान्यात न्यायचे, कोणाचे सिलिंडर आणायचे, सारे त्याच्याकडे येते, आणि रात्री बारापर्यंत काम करून तो ते भरून काढतो. मी दहा ते सहा दार लावून बसू लागलो, तेव्हा आई चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने चहा दाराबाहेर ठेवला आणि आलेल्या पाहुण्यांना सांगितले, “तो कचेरीत आहे.”