बोलणारं तिकीट मशीन

अमेरिकेतल्या मेट्रो स्टेशनवर पुढच्या वेळी तिकीट काढाल तेव्हा मशीनकडे जरा नीट पाहा. हेडफोन लावायचं एक छोटं भोक दिसेल. आपल्यापैकी बहुतेकांना त्याची कधी गरज पडत नाही. ते अंध प्रवाशांसाठी आहे. तिथे हेडफोन लावला की मशीन बोलू लागतं.

टचस्क्रीनच्या काचेवर बोट कुठेही ठेवलं तरी स्पर्श सारखाच. मग मशीनला आवाज दिला की काम झालं का? नाही. डोळ्यांना सगळे पर्याय एकदम दिसतात, कानाला मात्र एकामागून एक ऐकावे लागतात. बारावा पर्याय येईपर्यंत दुसरा विसरलेला असतो, आणि गाडीही सुटलेली असते! म्हणून संवाद छोट्या पायऱ्यांचा हवा: "सिंगल तिकिटासाठी १ दाबा." सरावलेल्या माणसाला बोलणं मध्येच थांबवता यावं आणि निसटलेलं वाक्य पुन्हा ऐकताही यावं.

उत्तर देण्यासाठी बोटांना ओळखू येतील अशी बटणं लागतात. अमेरिकेत १९९० साली अपंगांच्या समान हक्कांचा कायदा झाला. त्याच्या २०१० च्या मानकांत एटीएम आणि तिकीट मशीनचे नियम एकत्रच दिले आहेत. ५ चं बटण स्पर्शाने वेगळं कळायला हवं. 'पुढे जा'वर उठावदार वर्तुळ, 'रद्द करा'वर फुली, 'खोडा'वर डावीकडचा बाण. आवाज कसा सुरू करायचा ते ब्रेलमध्ये लिहिलेलं हवं. आणि इतरांना मिळते तेवढीच गोपनीयता अंध प्रवाशालाही मिळायला हवी. हेडफोनचा फायदा इथेच आहे. रात्री एकटीने प्रवास करणारी बाई कुठे निघाली आहे, हे रांगेतल्या सगळ्यांना कशाला कळायला हवं?

मराठी बोलणाऱ्या मशीनपुढे आणखी एक पेच असतो. इंग्रजीत 'ट्वेंटी' आणि 'फाइव्ह' जोडून पंचवीस होतात. आपल्याकडे तेवीस, तेहेतीस, त्रेचाळीस असे प्रत्येक आकड्याला वेगळे शब्द. रेकॉर्ड केलेले तुकडे जोडून भाडं सांगायचं तर नव्याण्णवपर्यंतचा प्रत्येक शब्द वेगळा रेकॉर्ड करावा लागतो. शिवाय स्टेशनच्या गोंगाटात 'बासष्ट' आणि 'पासष्ट' यांत फरक कळणं कठीण. "पासष्ट रुपये, सहा-पाच" असं सांगितलं तर घोटाळा टळतो.

आता तिकीट मोबाईलवर आलं आहे. स्क्रीन वाचून दाखवणारी व्हॉइसओव्हरची सोय आयफोनमध्ये २००९ पासून आहे, अँड्रॉइडवर टॉकबॅक आहे. पण ॲप बनवणाऱ्याने चित्राच्या बटणाला नावच दिलं नसेल, तर फोन नुसतं "बटण, बटण" म्हणत राहतो. ते नाव द्यायला बहुतेक वेळा कोडची एखादी ओळ पुरते. ती राहिली, तर अंध प्रवाशाला आपलं कार्ड अनोळखी माणसाच्या हातात द्यावं लागतं.

आपल्यापैकी कितीतरी जण सॉफ्टवेअरमध्ये आहेत. तुम्ही बनवलेलं ॲप टॉकबॅक लावून, डोळे मिटून एकदा वापरून पाहा. शेवटपर्यंत पोचता आलं का?