पाण्याखालील कॅमेरा आणि नाथसागरातील मासेमारी

पैठणजवळ गोदावरीवर उभारलेल्या जायकवाडी धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसविण्यात आली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. धरणामागे पसरलेला नाथसागर शेतीस व छत्रपती संभाजीनगर शहरास पाणी पुरवितो, हे सर्वश्रुत आहे. काठच्या मच्छीमार कुटुंबांचा उदरनिर्वाहही ह्याच पाण्यावर चालतो, ह्याची जाण मात्र त्या मानाने कमी आढळते.

अलीकडे पाण्याखाली सोडावयाचे छोटे कॅमेरे बाजारात सहज मिळू लागले आहेत. होडीतून दोरासारखी तार खाली सोडावी आणि तळाचे चित्र पडद्यावर पाहावे, अशी ही सोय. मच्छीमार सहकारी संस्थेत त्याच्या खरेदीचा विषय निघणे स्वाभाविक होय. परंतु संस्थेचा पैसा सभासदांच्या कष्टाचा असतो. म्हणून ह्या यंत्राला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे आधी पाहणे अगत्याचे आहे.

कॅमेरा कितीही उत्तम असला तरी गढूळ पाण्यापुढे त्याचे काही चालत नाही. पावसाळ्यात गोदावरी वरच्या खोऱ्यातील माती घेऊन येते. शिवाय नाथसागर विस्ताराने मोठा पण पुष्कळ ठिकाणी उथळ असल्याने वारा सुटला की तळाचा गाळ ढवळला जातो. अशा वेळी दिवा लावल्यास उलटेच घडते. धुळीने भरलेल्या रस्त्यावर मोटारीचे दिवे जसे धुळीवरच पडून डोळे दिपवितात, तसा पाण्यातील कणांवरून प्रकाश परत फिरतो आणि पडद्यावर नुसते पांढरे धुके दिसते. अवरक्त दिव्यांचे कॅमेरे माशांना बिचकावीत नाहीत, असे विक्रेते सांगतात. पण पाणी हे किरण फार लवकर शोषून घेते, त्यामुळे त्यांची नजर अगदी जवळची.

पाण्याची परीक्षा करण्यास मोठा खर्च लागत नाही. अँजेलो सेक्की ह्या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ साली समुद्रात थाळी सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली. वीस सेंटिमीटर व्यासाची, आलटून पालटून काळे-पांढरे चतुर्थांश रंगविलेली, खाली वजन बांधलेली थाळी खुणा केलेल्या दोरीने सोडावी. ती दिसेनाशी होते ती खोली टिपावी. शाळेतील मुलेही ही थाळी करू शकतील. थाळी अर्ध्या मीटरवरच लुप्त होत असेल, तर कॅमेऱ्याला त्याहून फारसे दूरचे दिसेल अशी आशा ठेवू नये.

येथे एक गंमत आहे. कटला, रोहू, मृगळ ह्यांच्या संवर्धनाच्या तळ्यात पाणी किंचित हिरवट असणे चांगले समजतात, कारण तो हिरवटपणा सूक्ष्म वनस्पतींचा, म्हणजे माशांच्या अन्नसाखळीच्या पहिल्या दुव्याचा असतो. सारांश, मासे पोसणारे पाणी कॅमेऱ्याला फारसे मानवत नाही. त्यामुळे मासे शोधण्याचे साधन म्हणून हे यंत्र घेणे प्रस्तुत लेखकास तरी शहाणपणाचे वाटत नाही. ध्वनिलहरींवर चालणारे खोलीमापक यंत्र गढूळ पाण्यातही काम करते. त्या कामासाठी तेच बरे.

कॅमेऱ्याचा खरा उपयोग निराळा आहे. नाथसागराखाली अनेक गावांची जमीन गेली. विहिरींचे काठ, पडक्या भिंती, झाडांचे बुंधे तळाशी आहेत आणि नायलॉनची जाळी त्यांत अडकतात. जाळे तुटून राहिले की धन्याचे नुकसान तर होतेच. शिवाय नायलॉन सहजी कुजत नसल्याने ते जाळे पुढेही मासे मारीत राहते. हा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. बुडी मारून मासे टिपणारे पाणकावळेही अशा जाळ्यांत सापडू शकतात. पाणी निवळलेल्या हिवाळ्यात ह्या अडथळ्यांच्या जागा कॅमेऱ्याने पाहून नोंदविता येतात. सन २०१६ व २०१९ सारख्या टंचाईच्या उन्हाळ्यात साठा मृतसाठ्याच्या खाली जातो, तेव्हा उघड्या पडलेल्या तळाचा नकाशा तर कॅमेऱ्यावाचूनही करता येईल. अभयारण्याच्या क्षेत्रात असे काम करण्यापूर्वी वन विभागास विचारावे.

खरेदी करावयाचीच असेल तर तारेचा कॅमेरा घ्यावा. रेडिओलहरी पाण्यातून फार दूर जात नाहीत, म्हणून बिनतारी उपकरणाचे चित्र पाण्याखालून वर पोहोचणे कठीण. दर दहा मीटर खोलीस दाब एका वातावरणाने वाढतो. कॅमेरा किती खोलीपर्यंत टिकतो हे लेखी घ्यावे, केवळ ‘जलरोधक’ ह्या शब्दावर विसंबू नये. तारेवर मीटरच्या खुणा असाव्यात. पडद्यावर ऊन पडल्यास काहीच दिसत नाही. त्यासाठी झापड हवी. सपाट काचेतून पाण्यातील वस्तू प्रत्यक्षाहून जवळ आणि सुमारे एक-तृतीयांशाने मोठ्या भासतात. पडद्यावरील माशाचे वजन ठरविणाऱ्यांनी हे ध्यानी धरावे!

वापरताना कॅमेरा होडीच्या सावलीच्या बाजूने हळू सोडावा आणि तळास टेकू देऊ नये, नाहीतर उडालेला गाळ बराच वेळ बसत नाही. कॅमेरा अडकल्यास तार ओढू नये. होडी उलट दिशेस नेऊन सैल करावा. परतल्यावर तो गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा, आणि तारीख, ठिकाण, खोली, थाळीचे माप व दिसलेला अडथळा संस्थेच्या नोंदवहीत त्याच दिवशी लिहावा.