बुडबुड्याची जागा

इंटेलचा कोअर आय९-१४९००के हा प्रोसेसर जोरात चालायला लागला की २५३ वॅटपर्यंत वीज खातो आणि जवळजवळ सगळीच उष्णता होऊन बाहेर पडते. ती निघते जेमतेम अडीच चौरस सेंटिमीटरच्या सिलिकॉनमधून. घरातल्या हजार वॅटच्या इस्त्रीचा तळ दर चौरस सेंटिमीटरला साधारण पाच वॅट देतो. इथे हा आकडा शंभरच्या आसपास जातो!

ही आग विझवायला पाणी, असं आपण सहज म्हणतो. पण पाणी उष्णता संपवत नाही, नुसती वाहून नेतं. एवढं मात्र खरं की तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा साडेतीन हजार पट जास्त नेतं. प्रोसेसर आणि फॅन लावलेली रेडिएटरची जाळी यांच्यात मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल, तर अडीचशे वॅट उचलूनही ते फक्त साडेतीन अंशांनी तापतं. म्हणजे रेडिएटरमध्ये शिरणारं ‘गरम’ पाणी आणि बाहेर पडणारं ‘गार’ पाणी यांत फरक फार थोडा. खरी झुंज पुढे आहे: ती उष्णता अखेर हवेलाच द्यायची असते. म्हणून सगळा खेळ रेडिएटरच्या आकाराचा आणि त्यातून कोणती हवा जाते याचा.

आकारात एक गंमत लपलेली आहे. २४०चा रेडिएटर म्हणजे १२० मिलिमीटरचे दोन फॅन, ३६०चा म्हणजे तीन. मधला २८०चा दोनच फॅनचा, पण ते १४०चे. आकडे पाहून तो २४०चा सख्खा भाऊ वाटतो. क्षेत्रफळ काढा: २४०चं २८८ चौरस सेंटिमीटर, २८०चं ३९२ आणि ३६०चं ४३२. दोन फॅनवाला तीन फॅनवाल्याच्या खांद्याला खांदा लावून उभा! कॅबिनेटमध्ये बसत असेल तर मी डोळे मिटून २८० घेईन. फक्त जाडी मोजून घ्यावी. २७ मिलिमीटरचा रेडिएटर आणि २५चा फॅन मिळून ५२ होतात, आणि वरच्या बाजूला तेवढ्यात रॅमच्या उंच पट्ट्या आडव्या येतात.

आता तो लावायचा कुठे? पुढे लावला तर त्याला खोलीतली ताजी हवा मिळते, प्रोसेसर खूश. पण तापलेली हवा आत ग्राफिक्स कार्डावर जाते. वर लावला तर उलटं: कार्डाला ताजी हवा, आणि रेडिएटरला त्या कार्डाने तापवलेली. आरटीएक्स ४०९०सारखं कार्ड एकटं ४५० वॅट ओततं, त्यामुळे गेम खेळणाऱ्याने कार्डाची बाजू घ्यावी. ‘गरम हवा वर जाते म्हणून वर लावा’ हे कारण मात्र पोकळ आहे. फॅनच्या जोरापुढे ती नैसर्गिक चढण नगण्य असते. आणि कुठेही लावा, खोलीतल्या हवेपेक्षा गार काही होत नाही. चंद्रपुरात मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकली, तर पाणी त्याच्याही वरच राहणार.

पण माझ्या मते सगळ्यात विलक्षण गोष्ट वेगळीच आहे. कारखान्यातून बंद होऊन येणाऱ्या या पाण्याच्या कूलरमध्ये थोडी हवा असतेच, आणि वर्षागणिक ती वाढते, कारण रबरी नळ्यांच्या भिंतींमधून पाणी अगदी सावकाश उडून जातं. ही हवा बुडबुडा होऊन सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. रेडिएटर तळाला लावला, तर उंच जागा कोणती? प्रोसेसरवर बसलेला ठोकळा, आणि बहुतेक कूलरमध्ये पंप त्याच्याच पोटात असतो. पंपात हवा भरली की पाणी नीट ढकललं जात नाही, घरघर सुरू होते आणि पंपाचं आयुष्य घटतं. रेडिएटर वर असला तर तोच बुडबुडा त्याच्या टाकीच्या माथ्याशी निमूट पडून राहतो, कुणाला त्रास नाही.

पुढे उभा लावताना शक्यतो नळ्यांचं टोक खाली ठेवावं, म्हणजे हवा दुसऱ्या टोकाच्या टाकीत अडकते आणि पाणी नेणाऱ्या तोंडापर्यंत येत नाही. नळ्या तेवढ्या लांब नसतील तर टोक वर असलं तरी चालतं, थोडी गुळगुळ ऐकावी लागेल इतकंच. रेडिएटरचा माथा मात्र पंपापेक्षा उंच हवाच. नवा कूलर पहिल्यांदा सुरू केल्यावर काही मिनिटं खळखळला तर घाबरू नये. बुडबुडा आपली जागा शोधत असतो. कॅबिनेट जरा तिरकं केलं की त्याला ती लवकर सापडते.